गालाला लागेल एवढं कोमट

घडीमावशींनी घडी घातलेला शर्ट उलगडायला माणसाचा हात धजत नसे. कॉलर ताठ, बाह्या मागे दुमडलेल्या, बटणं एका रेषेत. एका गिऱ्हाइकानं असा एक शर्ट आठवडाभर कपाटात नुसता ठेवला होता. बायकोनं विचारलं, घालत का नाही? तो म्हणाला, मोडेल. तेव्हापासून मावशींचं खरं नाव मागे पडलं. गल्लीला त्या घडीमावशीच झाल्या.

त्यांचं दुकान म्हणजे एक लांबट खोली. पुढे रस्त्याकडे उघडणारी फळी, तिच्यामागे इस्त्रीचं टेबल. टेबलावर जुन्या ब्लँकेटचे चार पदर आणि वर पांढरी चादर. दोन्ही भिंतींना कप्पे. मागे एक दार, दाराशेजारी खिडकी आणि पलीकडे फरशीचं अंगण. तिथे कपडे वाळत. वरच्या मजल्यावर घर.

एकोणिसाव्या वर्षी मावशी इथे सून म्हणून आल्या. सासरे कोळशाची इस्त्री चालवत. पहिल्या दिवशी त्यांनी सुनेच्या हातात इस्त्री दिलीच नाही. पाण्याची वाटी दिली.

"बोट बुडव. इस्त्रीच्या बुडाला एक थेंब लाव आणि ऐक."

थेंब चर्रकन उडाला तर सुती. फसफसला तर लोकर. मुकाट बसून हळूहळू आटला तर रेशीम. महिनाभर मावशींनी नुसते थेंब ऐकले. सासरे म्हणत, "इस्त्री कानानं करायची, पोरी. हात नुसता हमाल."

पुढे लोक हाताचंच कौतुक करू लागले. मावशींच्या हाताला काय ताप कळतो, म्हणायचे. हळूहळू मावशींनाही ते पटलं. ऐकायच्या त्या अजूनही कानानंच. पण श्रेय हाताला देऊ लागल्या.

त्याला आता चव्वेचाळीस वर्षं झाली. कोळसा गेला, वीज आली. सासरे गेले. मुलगा दुसऱ्या शहरात कारखान्यात आहे, महिन्यातून दोनदा येतो. सून शाळेच्या ऑफिसात जाते. दुकान दोघांवर चालतं, मावशी आणि काका. काका म्हणजे मावशींचे यजमान. ते सायकलवरून कपडे आणतात, सायकलवरून पोचवतात आणि दिवसाला जेमतेम वीस वाक्यं बोलतात. त्यातली पंधरा सायकलशी.

शिवाय दुकानात एक मांजर होती. पांढरी, कानाला राखाडी ठिपका. ती कधी आली ते कुणाला आठवत नाही. आली आणि खालच्या कप्प्यातल्या गरम गाठोड्यावर जाऊन बसली. रोज सकाळी सगळ्या कप्प्यांवरून एक फेरी मारायची, एखाद्या गाठोड्यावर नाक ठेवायची, पसंत नसेल तर पुढे जायची. म्हणून तिचं नाव बाईसाहेब. एखाद्या काळ्या कोटावर पांढरे केस दिसले की काका हात ओला करून ते पुसत आणि म्हणत, "बाईसाहेबांची सही झाली."

बाईसाहेबांचं पोट लोंबायला लागलं तेव्हा मावशींनी खालच्या कप्प्यात एक गाठोडं मोकळं केलं. गिऱ्हाइकांनी वर्षानुवर्षं न नेलेले कपडे होते ते. बाईसाहेबांनी नाक ठेवलं, दोनदा गिरक्या घेतल्या, बसल्या. बाळंतपणाची जागा पक्की झाली.

आणि नेमकं त्याच आठवड्यात नणंदेचं घर बदलायचं निघालं. सामान हलवायला दोघांनी जायचं ठरलं. दोन दिवस दुकान बंद. कप्प्यांत एका हॉटेलचे साठ पांढरे टेबलक्लॉथ घडी होऊन तयार. मावशींनी बाईसाहेबांना उचलून अंगणात ठेवलं. मागचं दार लावलं. मग खिडकी लावली.

"खिडकी राहू दे," काका म्हणाले.

"आणि साठांच्या साठांवर सही झाली म्हणजे? दोन दिवसांत काय होतंय."

सुनेनं वरच्या खिडकीतून दोरीनं वाटी सोडून दूध ठेवायचं कबूल केलं. ती दोन्ही दिवस दूध ठेवत होती. वाटी रिकामी व्हायची, म्हणून तिनं वाकून पाहिलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी मावशींनी मागचं दार उघडलं. बाईसाहेब नळाशेजारच्या दगडावर होत्या. पोटाशी एक पिल्लू, चुरूचुरू पीत होतं. हातभर अंतरावर आणखी दोन. ओल्या फरशीवर पडलेली. पिळून टाकलेल्या मोज्यांसारखी.

मावशींनी ती उचलली. तळहातावर दोन्ही मावली.

काकांनी एका बोटानं पोट दाबून पाहिलं. "गार पडलीत."

मावशींनी वर पाहिलं. खिडकीच्या फळीवर खालच्या बाजूला ओरखडे होते. बारीक, पुष्कळ, एकावर एक. रंग जाऊन आतलं लाकूड उघडं पडलं होतं. बाईसाहेब किती वेळ तिथे उभ्या राहून खरवडत होत्या, ते त्या लाकडावर लिहिलेलं होतं. साठ टेबलक्लॉथ आत कोरडे, उबदार, बिनकेसांचे होते.

मावशींनी पायात चपला सरकवल्या आणि पिल्लं पोलक्यात घालून निघाल्या.

प्राण्यांच्या डॉक्टर दोन गल्ल्या सोडून बसत. तरुण बाई, कामापुरतं बोलणाऱ्या. त्यांचे पांढरे कोट मावशींकडेच यायचे. त्यांनी पिल्लं दिव्याखाली ठेवली. तासाभरानं एकानं पाय हलवला. मग दुसऱ्याचं तोंड उघडलं. आवाज आला नाही.

"जिवंत आहेत," डॉक्टर म्हणाल्या. "आता नीट ऐका, मावशी. आधी ऊब, मग दूध. गार पिल्लाला पाजलंत तर पोटात तसंच राहील. पिल्लू पालथं धरायचं. बाळासारखं उताणं नाही, दूध छातीत जातं. ही पावडर, हा ड्रॉपर. दोन तासांनी पाच-सहा थेंब. जबरदस्ती करायची नाही, ते चोखायला लागलं पाहिजे. पाजून झालं की ओल्या कापसानं खाली पुसायचं. आई चाटते तेव्हाच ती शू करतात."

"तेही मीच?"

"बाईसाहेब करत नसतील तर तुम्हीच. आणि रोज वजन. दोन दिवसांत काटा वर गेला तर आपण जिंकलो. खालीच जात राहिला तर…" त्यांनी वाक्य सोडून दिलं. "दूध कोमट हवं. अंथरूणही कोमट. हाताला लावून बघत जा."

मावशी त्या दिवशी पहिल्यांदा हसल्या. "डॉक्टर, मला शिकवताय कोमट? चव्वेचाळीस वर्षं दुसरं केलंय काय मी?"

डॉक्टरही हसल्या. "मग प्रश्नच मिटला."

घरी आल्या तेव्हा काकांनी बाईसाहेबांना पिल्लासकट खालच्या कप्प्यात आणून ठेवलं होतं. सुनेनं आपला केक करायचा वजनकाटा खाली आणला. पोटाला चिकटून पिणारं पिल्लू एकशे चार ग्रॅम भरलं. मावशींनी त्याचं नाव ठेवलं कडक. दुसरं अठ्ठ्याहत्तर. त्याच्या मानेवर कातडीची एक दुमड होती, म्हणून चुणी. तिसरी एकोणसत्तर. ती म्हणजे नुसती कातडीच होती, सगळीकडून चुरगळलेली. ती सुरकुती. मावशींनी आकडे टेबलाच्या कडेला खडूनं लिहिले.

मग कामाला लागल्या. जुन्या फ्लॅनेलच्या चौकोनी घड्या केल्या. एक घडी इस्त्रीनं तापवायची, हात ठेवून बघायची, बुटांच्या खोक्यात घालायची, तिच्यावर पिल्लं. ती निवेपर्यंत दुसरी तयार. दूध वाटीत, वाटी गरम पाण्यात. बोट बुडवायचं, कोमट वाटलं की ड्रॉपर भरायचा. कुणाला हात लावू देईनात. सून म्हणाली, "आई, एक पाळी मी करते." मावशी म्हणाल्या, "तू ऑफिसला जा. हे हाताचं काम आहे."

त्यात अपराधीपणाचाही भाग होता. खिडकी ज्यानं लावली त्यानंच निस्तरायचं, असा त्यांचा हिशोब होता.

पिल्लं मात्र ऐकेनात.

ड्रॉपर तोंडाशी नेला की सुरकुती मान फिरवायची. थेंब ओठावर पडला की डोकं झटकायची. चुणीनं एकदा तोंडात घेतलं आणि लगेच बाहेर सोडलं. फ्लॅनेलच्या उबदार घडीवर ठेवावं, तर दोघीही सरपटत खोक्याच्या दुसऱ्या टोकाला जायच्या. डोळे मिटलेले, पायांत बळ नाही, तरी ओढत ओढत जायच्या. उघड्या पुठ्ठ्यावर जाऊन पडायच्या. मावशी त्यांना उचलून परत घडीवर ठेवायच्या. त्या परत निघायच्या.

"हट्टी आहेत मेल्या," मावशी म्हणाल्या. "बाईसाहेबांचंच रक्त."

बाईसाहेबांच्या पोटाशी लावून पाहिलं. बाईसाहेबांनी हुंगलं, पंजानं बाजूला सारलं आणि कडकला चाटायला लागल्या.

संध्याकाळी सुरकुती सदुसष्ट. दुसऱ्या दिवशी सकाळी चौसष्ट. चुणी चौऱ्याहत्तर. मावशींनी खडूचे आकडे पुसले नाहीत. एकाखाली एक लिहीत गेल्या, आणि ते उतरत गेले.

त्या सकाळी निवृत्त हेडमास्तर आपले चार शर्ट न्यायला आले. खोक्यात डोकावले. चष्मा वर केला.

"बाई, उगाच जिवाला त्रास करून घेताय. सृष्टीचा नियम आहे. जगायची ती जगतात."

मावशी शर्ट कागदात बांधत होत्या. "मास्तर, शेवटच्या बाकावरची पोरंही अशीच सोडली होती का हो वर्गात?"

मास्तरांनी चष्मा खाली केला. "तसं नाही म्हणायचं मला."

"मग कसं म्हणायचंय?"

मास्तर शर्ट घेऊन गेले. कोपऱ्यावरून परत आले. "दुपारी येऊन जातो," म्हणाले. "नुसता बघायला."

मास्तरांना गप्प केलं खरं. पण फळीआड आल्यावर मावशी टेबलाला टेकून उभ्या राहिल्या. सगळं सांगितल्याप्रमाणे केलं होतं. पालथं धरलं होतं, कापूस केला होता, घड्याळ चुकवलं नव्हतं. तरी काटा खाली. काका सायकलला हवा भरत होते. म्हणाले, "एक तर जगतंय."

"एक माझ्या हातानं जगत नाहीये," मावशी म्हणाल्या. "ते आपल्या आईच्या पोटावर जगतंय. माझ्या हातात दोन आहेत."

काकांनी पंप थांबवला. काहीतरी बोलणार होते. मग परत हवा भरायला लागले.

दुपारी सून अर्ध्या दिवसाची रजा काढून आली. मावशी ड्रॉपर भरत होत्या. सुनेनं सुरकुतीला पालथं धरलं, मावशींनी ड्रॉपर पुढे केला, सुरकुतीनं मान झटकली, आणि थेंब सुनेच्या मनगटावर पडला.

तिनं हात मागे घेतला. "आई, चटका बसला."

"चटका कसला. कोमट आहे."

"कोमट? पिताना फुंकर मारावी लागेल एवढं आहे."

"आत्ता बोट बुडवलंय मी."

"परत बुडवा."

मावशींनी बोट बुडवलं. मग दुसरं बुडवलं. सगळा तळवा वाटीच्या बाहेरून लावला. "कोमट," त्या म्हणाल्या, पण आवाज बारीक झाला होता. सुनेनं खोक्यातल्या फ्लॅनेलला हात लावला आणि घडी झटकन बाहेर काढली.

"यावर तर मीसुद्धा बसणार नाही."

मावशींनी ती घडी हातात घेतली. दाबली. त्यांना ती जेमतेम उबदार लागत होती. कालही लागली होती. त्यांनी काकांकडे पाहिलं. "अहो, तुम्ही बघा. ही उगाच घाबरवतेय."

काका दारात उभे होते. त्यांनी घडीला हात लावला नाही. "तुझा चहा," ते म्हणाले.

"काय माझा चहा?"

"तू मला दुपारी देतेस तो. निवालाय, पटकन प्या म्हणतेस." काका आपल्या पायांकडे बघत होते. "बारा वर्षं झाली. मी बाहेर जाऊन फुंकून पितो."

इस्त्री तिच्या लोखंडी पायावर उभी होती, तिचा दिवा लागला आणि विझला.

मावशींनी तळवे समोर धरले. पिवळट, जाड, गुळगुळीत. चव्वेचाळीस वर्षांची वाफ त्यांत मुरली होती. सुईनं टोचलं तर पहिल्या टोचणीला कळायचं नाही, हे त्यांना माहीत होतं. त्याचा त्यांना अभिमानच होता. गरम इस्त्री बुडाकडून उचलून दाखवायच्या, गिऱ्हाइकं डोळे विस्फारायची. जो हात गरमाला घाबरत नाही त्याला कोमटही कळत नाही, हे त्यांच्या कधी मनात आलं नव्हतं.

"मग कपडे?" त्या हळूच म्हणाल्या. "एकही जळला नाही इतक्या वर्षांत."

"कपडे तू कानानं करतेस," काका म्हणाले. "बाबांनी शिकवलंय ना."

त्यांची दिवसाची वाक्यं त्या दुपारीच संपली असावीत. ते अंगणात गेले. पण फार लांब नाही. दाराच्या चौकटीत त्यांची सावली दिसत राहिली.

मावशी स्टुलावर बसल्या. "दोन दिवस पळून जात होत्या," म्हणाल्या. "मी उचलून उचलून परत ठेवत होते. हट्टी म्हटलं त्यांना."

सून त्यांच्याशेजारी उकिडवी बसली. "आता मी करते, आई. तुम्ही सांगा, मी करते."

मावशींनी मान हलवली. नाही अशी.

मग त्यांनी वाटी उचलली. दूध दुसऱ्या वाटीत ओतलं, परत पहिलीत, परत दुसरीत. ड्रॉपर भरला. एक थेंब मनगटावर सोडला. काही नाही, तिथेही वाफ लागून लागून कातडी मेली होती. कोपराच्या आत सोडला. तिथे जुना डाग होता, काही नाही. सून बघत राहिली. मावशींनी ड्रॉपर वर नेला आणि एक थेंब गालावर सोडला. डोळ्याच्या खाली, कानाच्या पुढे.

त्यांचा चेहरा बदलला.

"गरम आहे," त्या म्हणाल्या. "अगं, गरम आहे हे."

चव्वेचाळीस वर्षं त्या इस्त्रीकडे कान करून ऐकत आल्या होत्या. जिथे कान, तिथे गाल. पण त्या गालाला इस्त्री कधी लागली नव्हती. तो अजून एकोणीस वर्षांचा होता.

"हात गेले तर गेले," मावशी उठल्या. "गाल आहे."

दूध आणखी दोनदा खालीवर केलं. गालावर थेंब. गरम. आणखी एकदा. गालावर थेंब. आता तो थेंब लागलाच नाही, नुसता गाल ओला झाला. गालाएवढाच होता तो. फ्लॅनेल हवेत झटकलं, गालाला लावलं, परत झटकलं, परत लावलं. मग खोक्याच्या अर्ध्या भागात अंथरलं आणि अर्धा भाग मोकळा ठेवला. "जिथं बरं वाटेल तिथं बसू देत. त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं."

दोघींना फ्लॅनेलवर ठेवलं. मावशी, सून आणि चौकटीतली सावली, तिघंही बघत होती.

चुणीनं डोकं हलवलं. सुरकुतीनं एक पाय पुढे टाकला. मावशींनी ओठ दाताखाली धरला. सुरकुतीनं तो पाय फ्लॅनेलमध्ये रोवला, त्याच्यावर हनुवटी टेकली आणि तिथेच थांबली. कुठे गेली नाही. चुणी सरपटत आली आणि तिच्या पाठीवर चढून झोपली.

अर्ध्या तासानं मावशींनी सुरकुतीला पालथं घेतलं. ड्रॉपरच्या टोकाला थेंब लोंबत ठेवला आणि ओठाजवळ धरला. घातला नाही. नुसता धरला. सुरकुतीचं नाक हललं. तोंड उघडलं. थेंब आत गेला. ती थांबली, जणू विचार करत होती. मग तिची जीभ बाहेर आली, सुपारीच्या तुकड्याएवढी, गुलाबी, आणि ड्रॉपरच्या टोकाला गुंडाळली गेली.

"चोखतेय," सून कुजबुजली.

"गप. दचकेल."

सहा थेंब. सातवा. आठव्याला सुरकुती ड्रॉपर तोंडात धरूनच झोपली. मावशींनी कापूस ओला केला, गालाला लावून पाहिला आणि पुढचं काम केलं. सुरकुतीनं शू केली. मावशींनी वर पाहिलं. त्यांचे डोळे भरले होते आणि त्या म्हणत होत्या, "बघितलंस? बघितलंस केवढी केली?"

काका आत आले. ओला कापूस बघून त्यांनी गंभीरपणे मान डोलावली. "सही झाली," म्हणाले.

मास्तर कबूल केल्याप्रमाणे आले तेव्हा दुसरी पाळी चालली होती. फळीबाहेर उभे राहून त्यांनी सगळं पाहिलं. मावशी प्रत्येक थेंब आधी गालावर का लावतात, ते त्यांनी विचारलं. मावशींनी सांगून टाकलं. सगळं, स्वतःच्या चुकीसकट. अगदी चहासुद्धा.

"म्हणजे पिल्लं हट्टी नव्हती," मास्तर म्हणाले.

"शहाणी होती. मास्तरीणच ठार ढ होती."

मास्तर बराच वेळ हसले. मग म्हणाले, "आमच्याकडेही असं बरेचदा झालंय, बाई."

त्या दिवशी रात्रीच्या पाळ्या तिघांनी वाटून घेतल्या. प्रत्येकानं आपापला गाल वापरावा असा हुकूम होता. काकांना दाढी करून यायला सांगण्यात आलं. त्यांनी केली.

सकाळी मावशींनी सुरकुतीला काट्यावर ठेवलं. काटा हलला, थांबला. मावशींनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. सहासष्ट. चुणी सत्याहत्तर. त्यांनी खडू उचलला आणि उतरत आलेल्या आकड्यांखाली पहिल्यांदा एक चढता आकडा लिहिला. मग त्याच्याभोवती गोल काढला. मग दुसरा गोल काढला. खडू मोडला.

पण मावशींचं समाधान ड्रॉपरवर होणारं नव्हतं. "मी आई नाही," त्या म्हणाल्या. "आई तिथे बसलेय." त्या दिवशी दिवसभर त्यांनी दर पाळीनंतर दोघींना कडकच्या अंथरुणात ठेवलं, त्याचा वास त्यांच्या अंगाला लागू दिला. चौथ्या दिवशी सकाळी दोघींना घेऊन खालच्या कप्प्यापाशी बसल्या. एकेकीला गालाला लावलं. ऊब होती. त्यांची स्वतःची, आतून येणारी.

"बाईसाहेब," मावशी म्हणाल्या, "खिडकी मी लावली होती. यांनी नाही. राग माझ्यावर काढा."

बाईसाहेबांनी मावशींकडे पाहिलं. मग सुरकुतीला हुंगलं. पंजा उचलला. पंजा सुरकुतीच्या पाठीवर आला आणि तिला जवळ ओढून घेतलं. मग ती खरबरीत जीभ चालायला लागली, डोक्यापासून शेपटीपर्यंत, सुरकुती प्रत्येक चाटण्याला इकडून तिकडे लोळत होती. लोळता लोळता तिचं तोंड पोटाला लागलं. शोधलं. सुटलं. परत शोधलं. कडकनं तिला ढकललं. तिनं कडकला ढकललं. चौसष्ट ग्रॅमपर्यंत उतरलेल्या जीवानं सव्वाशे ग्रॅमच्या जिवाला ढकललं आणि जागा घेतली.

मग तो आवाज आला. चुरूचुरू. आधी एक, मग चुणीचा दुसरा, मग तिन्ही एकत्र.

मावशी कान कप्प्याला लावून ऐकत बसल्या. रस्त्यावरून कुणीतरी हाक मारली, शर्ट झाला का? मावशी म्हणाल्या, "थांबा जरा. कानाचं काम चाललंय."

संध्याकाळी डॉक्टर कोट न्यायला आल्या. त्यांनी सुरकुतीचं तोंड उघडून पाहिलं, कुठे पोळलेलं नव्हतं. वेळेवर मान फिरवत राहिली म्हणून वाचली, म्हणाल्या. मग टेबलाच्या कडेचे आकडे वाचले, वरून खाली, आणि खालचे गोल पाहिले. "हात लावून बघा म्हटलं होतं मी," म्हणाल्या. "तेव्हाच तुमचा हात धरून बघायला हवा होता. चूक माझीही आहे."

"तुमची कसली. मी तुम्हाला हसले होते."

मावशींनी त्यांच्यासाठी आणि काकांसाठी चहा केला. काकांचा कप आधी स्वतःच्या गालाला टेकवला, जरा थांबल्या, परत टेकवला, मग दिला. काकांनी कप घेतला आणि सवयीनं दाराकडे निघाले.

"कुठे चाललात? इथेच प्या. बघितलाय मी."

काका थांबले. फुंकर न मारता एक घोट घेतला. मग दुसरा. "बरोब्बर," ते म्हणाले.

महिन्याभरात खिडकीचा कोयंडा काढून टाकला गेला. ओरखड्यांवर रंग लावायला मावशींनी मनाई केली. कडक आणि चुणी दुकानात राहिली. जरा मोठी झाल्यावर सुरकुतीला मास्तर घेऊन गेले. ती त्यांच्या टेबलावर चढून पुस्तकं खाली ढकलते आणि मास्तर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, शेवटच्या बाकावरची आहे, सांभाळून घ्या. हॉटेलवाल्यांनी टेबलक्लॉथवर पांढरे केस सापडल्याची तक्रार केली. मावशींनी ते परत धुऊन दिले आणि म्हणाल्या, एक-दोन सह्या राहतील, चालवून घ्या.

आणि मावशींची इस्त्री तशीच चालू आहे. थेंब, कान, चर्र. हाताचं कुणी कौतुक केलं तर त्या त्याला तिथेच थांबवतात. म्हणतात, हात नुसता हमाल.

परवा एक बाई फळीशी आली. हातात बुटांचं खोकं होतं. आत कापसात काहीतरी राखाडी, मुठीएवढं. "डॉक्टरांनी पाठवलंय," ती म्हणाली. "पीत नाहीये. इथे एक मावशी आहेत म्हणे, गालानं बघतात."

मावशींनी इस्त्री पायावर उभी केली. बटण बंद केलं. चष्मा कपाळावर सरकवला.

"आण इकडे," त्या म्हणाल्या, आणि गाल पुढे केला.